सूडाची रीतसर परवानगी

तोक्योतल्या सेंगाकुजी या देवळाच्या संग्रहालयात एक पावती जपून ठेवली आहे. मजकूर अवघा दोन कलमांचा: शीर, नग एक, कागदी पुडकं, नग एक. खाली माल ताब्यात घेणाऱ्या दोन कारभाऱ्यांची नावं. माल पोचवणारे देवळाचेच दोन भिक्षू. शीर होतं किरा कोझुकेनोसुके नावाच्या दरबारी मानकऱ्याचं. १७०३च्या जानेवारी अखेरीस, बर्फ पडून गेलेल्या एका पहाटे, आको संस्थानच्या सत्तेचाळीस बेकार सामुराईंनी ते उतरवलं, देवळाच्या आवारातल्या विहिरीवर धुतलं आणि आपल्या मृत धन्याच्या थडग्यापुढे ठेवलं. सूड पुरा झाला. आता शीर देवळात ठेवून काय करायचं? ते मयताच्या घरी पाठवलं गेलं आणि देवळाने पोच घेतली.

मी जिल्हा न्यायालयातून नाझर म्हणून निवृत्त झालो. नाझराच्या खोलीत मुद्देमाल असतो. लेबलं लावलेले कोयते, कुऱ्हाडी, रक्त वाळून कडक झालेले सदरे. निकाल लागून अपिलाची मुदत संपली की त्यातलं काही परत द्यायचं, काही नष्ट करायचं, आणि प्रत्येक वस्तूला सही घ्यायची. बहुतेक खुनांची मुळं बांधावरून, विहिरीच्या पाळीवरून किंवा आजोबांच्या काळातल्या एखाद्या थोबाडीतून निघालेली. मुलगी-जावई तोक्योत निशी-कासाईला राहतात, त्यांच्याकडे गेलो असताना हे देऊळ पाहिलं. जावई तलवारींचे फोटो काढत होता. मी त्या पावतीपाशी खिळलो. जिथे मुंडक्याचीही पोच घेतात, तिथे सूडाचं दप्तर असणार, असं माझ्या कारकुनी मनाने लगेच घेतलं. तसं ते होतंही.

तोकुगावा शोगुनांच्या राजवटीत, म्हणजे १६०३ ते १८६८ या काळात, जपानमध्ये सूड घ्यायला परवानगी मिळत असे. अर्ज करायचा, मंजुरी घ्यायची, मग मारायचं. या प्रथेला ते ‘कताकीउची’ म्हणत. तिचा आधार चिनी धर्मग्रंथांत होता. बापाला मारणाऱ्यासोबत एका आकाशाखाली राहू नये, ही ‘ली-ची’तली शिकवण सामुराईंच्या पोरांना लहानपणापासून पाठ. शोगुनांना मात्र देशात शांतता हवी होती. शतकभर चाललेल्या लढायांतून सत्ता मिळवलेली, त्यामुळे कुठल्या ठिणगीने काय पेटतं याची त्यांना पुरती जाण. सूड पूर्ण बंद करावा तर धर्म आडवा येतो, मोकळा सोडावा तर राज्य जातं. त्यांनी मधला मार्ग काढला, जो कुठलंही सरकार काढतं: नोंदवही घातली.

पद्धत अशी. बापाचा खून झाला आणि खुनी दुसऱ्या संस्थानात पळाला, तर मुलाने आपल्या धन्याकडे रजेचा आणि परवानगीचा अर्ज करायचा. संस्थानांची हद्द ओलांडून गुन्हेगार पकडण्याची सोय तेव्हा जवळजवळ नव्हतीच, हे लक्षात घेतलं म्हणजे या अर्जामागचा व्यवहार कळतो. धनी तो एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, शोगुनाच्या अधिकाऱ्यांकडे पाठवी. तिथे वहीत अर्जदाराचं नाव चढे आणि त्याला नोंदीची नक्कल मिळे. ती नक्कल बाळगत तो देशभर हिंडायला मोकळा. शत्रू सापडला की आधी स्थानिक अधिकाऱ्याला कळवायचं. अधिकारी नोंद पडताळून पाही, आणि कधीकधी बांबूचं कुंपण घालून द्वंद्वाची जागाही आखून देई. न कळवता मारलं, तर एदोहून खातरजमा होईपर्यंत मारणारा अटकेत. शोगुनाच्या किल्ल्याच्या हद्दीत आणि उएनो व शिबा इथल्या शोगुन घराण्याच्या देवळांत सूडाला मनाई.

कोण कोणासाठी सूड घेऊ शकतो, हेही ठरलेलं होतं. आई, बाप, काका, थोरला भाऊ, धनी, म्हणजे आपल्यापेक्षा वडीलधाऱ्यांसाठीच. मुलाचा, बायकोचा किंवा धाकट्या भावाचा खून झाला, तर अर्ज नामंजूर. आज हे ऐकताना चमत्कारिक वाटतं, कारण मुलाच्या मरणाइतकं माणसाला काय पेटवतं? पण त्या राज्याच्या लेखी सूड ही रागाला दिलेली मोकळीक नव्हतीच. ती धाकट्याने थोरल्याची फेडायची सेवा होती, आणि सेवा वरच्या दिशेनेच जाते.

मला सर्वांत आवडलेला नियम वेगळाच आहे. सूडाचा सूड घेता येत नसे. एकदा नोंदलेला सूड पुरा झाला की मेलेल्याच्या मुलाला पुन्हा अर्ज करता येत नाही. आणि शत्रूनेच उलट सूड घ्यायला आलेल्याला मारलं, तर तोही सुटला. प्रकरण तिथेच बंद. हे वाचताना आपल्या सौप्तिकपर्वाची आठवण आल्याशिवाय राहिली नाही. बाप मारला गेला म्हणून अश्वत्थामा रात्री पांडवांच्या छावणीत शिरतो आणि झोपलेल्या धृष्टद्युम्नाला मारतो. बापासाठी मुलगा, वरकरणी अर्ज निर्दोष. पण धृष्टद्युम्नाने द्रोणाला मारलं होतं ते आपल्या बापाच्या, द्रुपदाच्या, वधानंतर. द्रोणाने त्याच दिवशी द्रुपदाला मारलं होतं. म्हणजे अश्वत्थाम्याचा सूड हा सूडाचा सूड ठरतो, आणि एदोच्या कारकुनाने तो शेरा मारून परत पाठवला असता. व्यासांनी त्याला कपाळावरची जखम घेऊन हजारो वर्षं भटकत ठेवला. कारकून आणि कवी एकाच निकालावर आले, एवढंच म्हणतो.

आता साहित्याकडे वळतो, कारण या वहीची खरी परीक्षा तिथेच झाली.

जपानी लोक तीन सूड थोर मानतात. पहिला सोगा बंधूंचा, वही जन्माला येण्याच्या कित्येक शतकं आधीचा. ११९३ साली फुजी पर्वताच्या पायथ्याशी शोगुन योरितोमोची शिकार चालली असताना जुरो आणि गोरो या दोन भावांनी रात्री छावणीत शिरून बापाच्या खुनाला कारण झालेल्या कुदो सुकेत्सुनेला मारलं. बापाला जाऊन सतरा वर्षं झाली होती. थोरला तिथेच पडला, धाकटा पकडला जाऊन मारला गेला. त्यांची कथा ‘सोगा मोनोगातारी’त आली, अंध गायकबायांनी ती गावोगाव सांगितली, आणि पुढे एदोच्या काबुकी नाटकगृहांत नववर्षाला सोगांचं नाटक लावायची रीतच पडली.

दुसरा इगाचा. १६३० साली ओकायामात कावाई मातागोरो या तरुणाने वातानाबे गेन्दायूला मारलं आणि तो एदोला पळून शोगुनाच्या थेट चाकरीतल्या लोकांच्या आश्रयाला गेला. गेन्दायूचा थोरला भाऊ काझुमा सूडासाठी निघाला. पण नियमाप्रमाणे धाकट्या भावासाठी सूड मान्य नाही! इथे ओकायामाचा धनी इकेदा तादाओ आडून उभा राहिला. गेन्दायू त्याचा लाडका हुजऱ्या होता. १६३२ साली मरताना तादाओने मातागोरोचा निकाल लावा असं बजावून ठेवलं, आणि घरगुती वैर धन्याची इच्छा बनलं. १६३४ साली इगा-उएनोच्या एका तिठ्यावर काझुमा आणि त्याचा मेहुणा अराकी मातायेमोन यांनी मातागोरोची वाट अडवली. कथाकारांनी मातायेमोनच्या तलवारीखाली छत्तीस जण पाडले. प्रत्यक्षात त्याने दोघांना मारलं. यावर १७८३ साली कठपुतळीचं मोठं नाटक आलं. म्हणजे तीनांतला दुसरा थोर सूडही वहीच्या चौकटीत सरळ बसणारा नव्हता.

तिसरा आकोचा, ज्याची पावती मी पाहिली. तो तर चौकटीत मुळीच बसत नाही. २१ एप्रिल १७०१ रोजी एदोच्या किल्ल्यात आकोचा तरुण धनी आसानो नागानोरी याने किरावर लहान तलवार उपसली. किरा दरबारी रिवाज शिकवणारा. त्याने अपमान केला, लाच मिळाली नाही म्हणून छळलं, असं नाटकं सांगतात. आसानो खुद्द काहीच सांगून गेला नाही, त्याला तेवढा वेळच दिला नाही. त्याच दिवशी त्याला पोट फाडून मरायचा हुकूम झाला. संस्थान जप्त. किरा जखमी, पण निर्दोष. दोघे भांडले तर दोघांनाही शिक्षा हा त्या काळचा रूढ संकेत. इथे एकालाच झाली, आणि सगळी चीड या असमतोलाची होती.

पण नाझराच्या नजरेने पाहा. आसानोला किराने मारलेलं नाही. उलट आसानोनेच किराला मारायचा प्रयत्न केला. मारलं शोगुनाच्या हुकमाने. मग शत्रू कोण? आकोचे कारभारी ओइशी कुरानोसुके आणि त्यांचे साथीदार अर्ज करतेच तर त्यात खुनी म्हणून कोणाचं नाव लिहिणार होते? अर्ज झालाच नाही. त्यांनी कट केला, जवळजवळ दोन वर्षं वाट पाहिली, आणि होंजोतल्या वाड्यावर रात्री चाल करून किराला मारलं. देवळाकडे जाताना वाटेतूनच त्यांनी स्वतःहून अधिकाऱ्यांकडे माणसं पाठवली. शोगुनाच्या सरकारपुढे पेच पडला. २० मार्च १७०३ रोजी सेहेचाळीस जणांना पोट फाडण्याची शिक्षा झाली. सत्तेचाळिसावा, तेरासाका, वाटेतच कुठेतरी वेगळा झाला होता. तो म्हातारा होऊन मेला. आणि त्याच दिवशी किराच्या वारसाचीही जहागीर काढून घेऊन त्याला दूर सुवाला नजरकैदेत धाडलं. पहिल्या निकालात जो तोल गेला होता, तो सरकारने दुसऱ्या निकालात गुपचूप सावरून घेतला.

पंडितांचं यावर पिढ्यान्‌पिढ्या जमलं नाही. मुरो क्यूसोने त्यांना धर्मवीर ठरवलं. ओग्यू सोराईच्या नावावर असलेलं मत असं, की हेतू उदात्त, पण खासगी धर्म सार्वजनिक कायद्याच्या डोक्यावर बसू देता येत नाही. तेव्हा मानाने मरू द्यावं. सातो नाओकाताने स्पष्ट म्हटलं की किरा त्यांचा शत्रूच नव्हता. दाझाई शुंदाईचा आक्षेप उलट्या बाजूने: राग सरकारवर हवा होता, तर आकोच्या किल्ल्यातच लढून मरायचं. ‘हागाकुरे’ हा ग्रंथ सांगणारा यामामोतो त्सुनेतोमो म्हणाला, इतकी वाट कसली पाहिली? किरा मधल्या काळात आजाराने मेला असता तर? हा प्रश्न मला सगळ्यांत खरा वाटतो. त्यात सूडाची एक अडचण उघडी पडते: ज्याला मारायचं, त्याच्या प्रकृतीची काळजी मारणाऱ्यालाच सर्वांत जास्त असते.

प्रेक्षकांनी मात्र एका क्षणात निकाल दिला. समकालीन सामुराई घराण्यांवर नाटक करायला बंदी होती, म्हणून १७४८ साली ओसाकाच्या ताकेमोतो कठपुतळीगृहात आलेल्या ‘कानादेहोन चूशिनगुरा’त ताकेदा इझुमो आणि त्याच्या दोन सहलेखकांनी घटना चौदाव्या शतकात ढकलली आणि नावं बदलली. ओइशी कुरानोसुकेचा ओबोशी युरानोसुके झाला. कोणाला फसवायचं होतं कोण जाणे. नावं इतकी जवळची, की पहिल्या दिवशी सर्वांना कळलं असणार. त्याच वर्षी ते काबुकीतही गेलं. तेव्हापासून नाटक कंपनी डबघाईला आली की ‘चूशिनगुरा’ लावायचं, गल्ला भरतोच, असा तिथल्या नाट्यव्यवसायाचा अनुभव. मरणाऱ्याला द्यायच्या जिनसेंगच्या काढ्याचीच उपमा ते या नाटकाला देतात.

अकरा अंकांच्या या नाटकात प्रत्यक्ष हल्ला शेवटी येतो, आणि तोही थोडक्यात. उरलेल्या अंकांतले बरेचसे वाट पाहण्याचे आणि त्या वाट पाहण्याची किंमत कोण मोजतं याचे आहेत. सातव्या अंकात युरानोसुके क्योतोच्या एका रंगमहालात दारू पिऊन लोळतो, शत्रूच्या हेरांना वाटावं की हा संपला. धन्याच्या मासिक श्राद्धाच्या आदल्या रात्री त्याच्यापुढे ऑक्टोपसचा तुकडा धरतात आणि तो गिळतो. आपल्याकडे तिथीच्या आदल्या दिवशी घरात लसूणही फोडत नाहीत, त्यामुळे मराठी माणसाला या घासाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पाचव्या-सहाव्या अंकातला कानपेई हा साधा तरुण. कटात सामील व्हायला त्याला पैसा हवा, म्हणून त्याची बायको ओकारू शंभर र्योंना वेश्यागृहाला विकली जाते. पैसे घेऊन येणारा तिचा बाप वाटेत मारला जातो. कानपेईची समजूत होते की आपणच अंधारात सासऱ्याला मारलं, आणि तो पोटात सुरी खुपसतो. खरं कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. मरता मरता त्याच्या रक्ताचा ठसा कटाच्या यादीवर उमटवून घेतात. म्हणजे इथेही यादी आहेच.

मला वाटतं, वही आणि नाटक यांचं बिनसतं ते इथे. वही विचारते, मेलेला तुझा कोण, तुझ्यापेक्षा मोठा की लहान. प्रेक्षक विचारतो, तू किती सोसलंस. ओकारूचं नाव कुठल्याच वहीत येणार नव्हतं; तिने ना तलवार उचलली, ना तिला तसा हक्क होता. नाटक तिला विसरत नाही. सूडाच्या कथा लोकांना रक्तासाठी आवडतात, असं आपण सहज म्हणून जातो. तसं असतं तर अकरावा अंक सर्वांत मोठा लिहिला गेला असता.

नाटकात वाट पाहणं दोन वर्षांचं. दप्तरात ते कधीकधी आयुष्य खाऊन टाकी. सूडासाठी निघालेला माणूस शत्रू सापडल्याशिवाय घरी परतू शकत नसे. परतलाच तर तोंड दाखवायला जागा नाही. कित्येक जण भिकारी, फेरीवाले, फिरते भिक्षू होऊन मेले. एचिगोतल्या शिबाता संस्थानात १८१७ साली कुमे कोतारोच्या बापाचा खून झाला तेव्हा तो सात वर्षांचा पोर होता. मोठा झाल्यावर तो परवानगी घेऊन निघाला, आणि १८५७ साली, खुनाला चाळीसेक वर्षं होऊन गेल्यावर, त्याला इशिनोमाकीजवळ तो माणूस सापडला: ऐंशी ओलांडलेला, भिक्षू झालेला म्हातारा. कोतारोने त्याला मारलं. कागदोपत्री सगळं चोख. पण त्या दोघांचे चेहरे डोळ्यांपुढे आणले की ‘चोख’ हा शेरा लिहायला हात धजत नाही.

हा विचार किकुची कान या लेखकाने १९१९ साली एका कथेत टोकाला नेला. क्यूशूत याबाकेई नावाची दरी आहे. तिथे कड्यावरून जाताना माणसं पडून मरत, म्हणून झेनकाई नावाच्या भिक्षूने छिन्नी-हातोड्याने सुमारे तीस वर्षं खपून खडकातून वाट काढली. १७६०च्या दशकात ती पूर्ण झाली आणि आजही पाहायला मिळते. किकुचीने त्यात कल्पनेने सूड घातला. भिक्षू पूर्वीचा खुनी, आणि त्याने मारलेल्या मालकाचा मुलगा सूड घ्यायला दाराशी आलेला. बोगदा होईपर्यंत थांब, अशी विनवणी होते. थांबायला कंटाळून मुलगा स्वतःच छिन्नी हाती घेतो, काम लवकर आटपावं आणि याला मारावं म्हणून. पलीकडचा उजेड दिसतो तेव्हा दोघे खांद्याला खांदा लावून खोदत असतात. सूड घेतला जात नाही. ही कथा छापली गेली तेव्हा सूडाला परवाना देणारं सरकार राहिलंच नव्हतं.

७ फेब्रुवारी १८७३ रोजी, शोगुनांच्या जागी आलेल्या मेइजी सरकारने सूडावर बंदी घातली. हुकुमाचा आशय सरळ आहे: खुन्याला शिक्षा देणं हे सरकारचं काम, बापाचा वा भावाचा सूड घेणं म्हणजे खासगी भावनेपायी सार्वजनिक कायदा मोडणं, ज्याला तक्रार असेल त्याने अधिकाऱ्याकडे जावं. न्यायखात्याचा प्रमुख एतो शिंपेई होता. आज कुठल्याही न्यायालयाच्या भिंतीवर लावावा असा हा मजकूर. माझी सारी नोकरी याच तत्त्वावर झाली, त्यामुळे तो मला मान्य आहे, हे सांगायला नको.

तरीही उसुई रोकुरोचं प्रकरण माझ्या मनातून जात नाही. १८६८ साली, राजवट बदलण्याच्या गदारोळात, क्यूशूतल्या आकिझुकी संस्थानात त्याच्या आई-वडिलांना रात्री घरात घुसून मारलं. मारणारे त्याच संस्थानचे तरुण, बाप नव्या पाश्चात्त्य विचारांचा म्हणून चिडलेले. संस्थानाने मारेकऱ्यांना काही केलं नाही. रोकुरो अकरा वर्षांचा होता. बापाला मारणारा पुढे नाव बदलून इचिनोसे नाओहिसा झाला, आणि नव्या सरकारच्या न्यायखात्यात चढत चढत न्यायाधीश! रोकुरो त्याच्या मागावर तोक्योला आला, यामाओका तेश्शूकडे तलवार शिकला, आणि १८८०च्या डिसेंबरात आपल्या जुन्या धन्याच्या वाड्यात त्याने या न्यायाधीशाला कट्यारीने मारलं. मग स्वतः पोलिसांत हजर झाला.

बंदीच्या हुकुमाला सात वर्षं होऊन गेली होती, म्हणून हा सूड नव्हता, खून होता. लोकांनी मात्र त्याला जुन्या कथांतला नायक केलं. १८८१ साली कोर्टाने, तो सामुराई कुळातला म्हणून, फाशीऐवजी जन्मठेप दिली. १८९१ साली तो सुटला, आणि १९१७ साली मेल्यावर आकिझुकीत आई-वडिलांच्या शेजारी पुरला गेला. जपानचा शेवटचा सूड म्हणून त्याचं नाव इतिहासात आहे.

रोकुरोला झालेली शिक्षा योग्यच होती. त्या जागेवर मी असतो तर तिच्या वॉरंटवर बिनतक्रार शिक्का मारला असता. पण १८७३च्या हुकुमाने मुलाच्या हातातली कट्यार काढून घेताना तक्रार सरकारकडे आणायला सांगितलं होतं, आणि इथे सरकारच्या न्यायासनावरच आरोपी बसला होता. १८६८च्या त्या दोन खुनांचा खटला कुठल्याही कोर्टात कधीच उभा राहिला नाही.